खोकला लपवावा लागू नये म्हणून : सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सहल आयोजक आणि टूर कंपन्यांचे चालक यांस



9 मार्च 2020 रोजी पुण्यातल्या दोघांचे तपासणी अहवाल आले आणि महाराष्ट्रात करोना पोहोचल्याची पहिली नोंद झाली. हे पती-पत्नी दुबईची सहल करून 1 मार्चला परतले होते. गट चाळीस जणांचा होता, राज्यातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून जमलेला. दुसऱ्याच दिवशी आणखी तिघांना लागण झाल्याचे कळले. एक त्यांची मुलगी, एक त्यांना मुंबईहून पुण्याला घेऊन आलेला टॅक्सीचालक आणि एक त्याच सहलीतला सहप्रवासी. घरातला, वाटेतला आणि गटातला, असा एकेक.

हे मी कुणाला दोष देण्यासाठी उगाळत नाही. तेव्हा कुणालाच पुरते काही कळलेले नव्हते, आणि त्या दांपत्याने जे केले तेच तुम्ही-आम्ही केले असते. पण आपल्या राज्यातल्या साथीची सुरुवात एका गट सहलीपासून नोंदली जावी, यात मला नवल वाटत नाही. चाळीस माणसे आठवडाभर एका बसमध्ये बसतात, एका हॉलमध्ये जेवतात, दोघे-तिघे एका खोलीत झोपतात आणि सहल संपली की वेगवेगळ्या गावी आपापल्या घरी परततात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचे काय हवे?

मी पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतले, वीज मंडळातले लोक बरेच आहेत. आयुष्यभर काटकसर केलेली ही माणसे आता तुमच्याबरोबर काश्मीर, केरळ, युरोप बघतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहते आणि म्हणूनच सांगते, तुमच्या धंद्याविषयी मला आदर आहे. एकट्या बाईला, सत्तरीच्या जोडप्याला, ज्यांना इंग्रजी बोलायची भीती वाटते अशा माणसाला जग दाखवण्याचे काम महाराष्ट्रात तुम्ही केले आहे. परमुलखात सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात मिळेल या भरवशावर कितीतरी लोक पहिल्यांदा घराबाहेर पडले. मात्र दिवाळीनंतर आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर हीच माणसे माझ्या दवाखान्यात खोकत बसलेली असतात, आणि थोड्या दिवसांनी त्यांची नातवंडेही. त्यातल्या काहींचा खोकला साध्या औषधांनी जातो. काहींचा न्यूमोनियावर जातो. दम्याच्या, मधुमेहाच्या, बायपास झालेल्या माणसाला ही सहल फार महागात पडते.

त्यांच्याशी बोलताना मी नेहमी एक प्रश्न विचारते: पहिल्यांदा कोण खोकत होते? उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. विमानतळावर जमलो तेव्हाच एक काका खोकत होते, रुमाल तोंडाला लावून बाजूला उभे होते. कुणी काही बोलले नाही. बस निघाली, काचा बंद, एसी सुरू. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पुढच्या-मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींचा घसा धरला. मग पर्स उघडल्या. एकीकडे पॅरासिटामॉल, दुसरीकडे खोकल्याचे औषध, तिसरीकडे मागच्या आजारात उरलेली अझिथ्रोमायसिनची अर्धी पट्टी. गोळ्या प्रसादासारख्या वाटल्या गेल्या. विषाणूच्या आजाराला प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, हे सांगणारे तिथे कुणी नव्हते. पाचव्या-सहाव्या दिवशी निम्मी बस खोकत होती.

हा क्रम ठरलेला आहे. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन. आणि माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून रोग पसरवू लागतो. म्हणजे आठ दिवसांच्या सहलीत पहिल्या दिवशीचा एक आजारी तिसऱ्या दिवशी काहींना पाडतो, ते पाचव्या-सहाव्या दिवशी आणखी काहींना, आणि या तिसऱ्या फेरीतले लोक लागण घेऊनच घरी परततात. करोना मागे पडला म्हणून हे थांबलेले नाही. आपल्याकडे फ्लूचा जोर साधारण पावसाळ्यात असतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. 2009 च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो विषाणू आज नेहमीच्या हंगामी फ्लूमधला एक होऊन आपल्यातच राहतो आहे.

आता त्या काकांकडे वळू या, कारण माझे सगळे म्हणणे त्यांच्याविषयी आहे.

निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांना ताप होता. घरात सगळ्यांना माहीत होते. मग ते आले का? कारण माणशी ऐंशी हजार भरले होते आणि तुमच्या अटींनुसार शेवटच्या आठवड्यात रद्द केले तर हाती काही लागत नाही. बायकोचेही पैसे गेले असते, कारण ती एकटी जाणार नव्हती. सहल मुलीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती, तिला काय सांगणार? त्यांनी गोळी घेतली, ताप उतरला आणि ते निघाले. बसमध्येही गप्प राहिले, कारण बोलले असते तर चाळीस जणांनी त्यांच्याकडे वळून पाहिले असते आणि टूर मॅनेजरच्या हाती त्यांच्यासाठी देण्याजोगे काहीच नव्हते. वेगळी खोली नाही, डॉक्टर नाही, तारीख बदलून देण्याचा अधिकार नाही. बोलण्यात तोटाच तोटा आणि गप्प राहण्यात निदान सहल तरी पदरात पडते. असे असताना माणूस गप्पच राहणार.

म्हणून माझी तुम्हा सर्वांना पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती मास्कची नाही, सॅनिटायझरचीही नाही. तुमच्या रद्द करण्याच्या अटींत एक कलम घाला: निघण्यापूर्वीच्या पाच दिवसांत ताप किंवा नव्याने सुरू झालेला खोकला असेल आणि डॉक्टरचे पत्र असेल, तर प्रवाशाला आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याला तारीख बदलून मिळेल. पैसे परत मागत नाही, तारीख बदलून मागते आहे.

तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. विमानाचे तिकीट निघालेले असते, हॉटेलचे पैसे गेलेले असतात, आमच्या खिशातून किती द्यायचे? अडचण खरी आहे. पण हिशेब करून पाहा. चाळीस जणांचा गट आणि ऐंशी हजारांची सहल धरली, तर प्रत्येकाकडून हजार रुपये जास्त घेतल्यावर चाळीस हजार जमतात. सगळेच पैसे बुडत नाहीत. प्रवेश तिकिटे, जेवण, काही ठिकाणी खोलीसुद्धा वाचते. दर सहलीत कुणी आजारी पडतेच असेही नाही, त्यामुळे न वापरलेला निधी पुढच्या सहलीला लागतो. ऐंशी हजार देणारा माणूस एक्क्याऐंशी देईल, फक्त त्याला हे कशासाठी ते समजावून सांगा. ‘तुमच्या शेजारी तापाचा माणूस बसू नये म्हणून’ असे स्पष्ट सांगितले तर साठीच्या पुढचे बहुतेक जण आनंदाने देतील. प्रवास विम्यात निघण्याआधीच्या आजारपणाने सहल रद्द झाल्यास भरपाई देणाऱ्या पॉलिसी असतात, पण तुम्ही जी पॉलिसी देता तिच्यात ते कलम आहे की नाही हे प्रवाशाला कुणी सांगत नाही. तेही सांगा.

कलम नुसते छापून भागणार नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी तुमच्या ऑफिसातून फोन जातोच: सामान किती किलो, विमानतळावर किती वाजता, टोपी-स्वेटर घ्या. त्याच फोनमध्ये तब्येत विचारा, पण विचारण्याचा क्रम सांभाळा. आधी सांगा की ताप असेल तर पैसे बुडणार नाहीत, आणि मग विचारा की ताप आहे का. उलट केलेत तर सगळ्यांची तब्येत उत्तमच असेल.

सहल सुरू झाल्यावर कुणी आजारी पडले तर? इथे टूर मॅनेजरविषयी बोलले पाहिजे. ही तरुण मुले-मुली हंगामात एक गट विमानतळावर सोडतात आणि दुसरा तिथेच घेतात. दिवसभर माईकवर बोलतात, प्रत्येक टेबलापाशी जाऊन ‘जेवण कसे आहे’ विचारतात, रात्री सगळ्यांच्या खोल्यांच्या चाव्या वाटतात. सगळ्या गटाशी जवळून संबंध येणारा एवढा एकच माणूस, आणि एका गटातला आजार दुसऱ्या गटात नेऊ शकणाराही तोच. त्यातल्या एकीने मला सांगितले की अंगात ताप असताना तिने अख्खी सहल पार पाडली, कारण बदली माणूस नव्हता आणि न गेलेल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. तिच्या कंपनीचे नाव मी घेणार नाही. पण तुमच्यापैकी प्रत्येकाने स्वतःला विचारावे की आपल्याकडे आजारी टूर मॅनेजरला पगारी सुट्टी आहे का, आणि हंगामात एखादा बदली माणूस राखीव ठेवलेला आहे का. ही सोय नसेल तर बाकीच्या सूचना कागदावरच राहतील, कारण आजारी पडल्यावर बोलायचे नसते हे प्रवासी त्याच्याकडूनच शिकतात.

दुसरी सोय खोलीची. प्रत्येक मुक्कामी एक खोली जास्त ठेवा, किंवा निदान हॉटेलशी आधीच ठरवून ठेवा की लागली तर मिळेल. एकट्या येणाऱ्यांची तुम्ही अनोळखी माणसाशी जोडी लावता, तेव्हा तर ती हवीच. रात्रभर खोकणाऱ्या बाईच्या शेजारच्या पलंगावर दुसरी बाई जागी असते, आणि तक्रार करावी तर वाईटपणा येतो म्हणून सोसत राहते. वेगळी खोली, जेवणाचे ताट खोलीत, आणि दुसऱ्या दिवशी फिरायला न जाण्याची मुभा. हे शिक्षा म्हणून नको. त्या माणसाला आदराने, ‘काका, आज विश्रांती घ्या, गरम सूप पाठवतो, उद्या बघू’ असे सांगितले गेले पाहिजे. फ्लूवरचे ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत दिले तर जास्त उपयोगी पडते, म्हणून डॉक्टरला पहिल्याच दिवशी दाखवायचे असते, पाचव्या दिवशी नाही. युरोपला जाताना शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. विमा असतो, पण हेल्पलाइनचा नंबर बॅगेच्या तळाशी असतो आणि परदेशात फोन लावायचा धीर होत नाही. तो फोन टूर मॅनेजरने लावायचा, हे तुमच्या नियमांत लिहा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पुढची जागा सगळ्यांना मिळावी म्हणून तुम्ही रोज बसमधल्या जागा फिरवता. न्याय म्हणून ही पद्धत फार चांगली आहे. पण गटात कुणी खोकू लागले की ती तेवढ्यापुरती थांबवा. नाहीतर आजारी माणसाला आपण रोज नवे शेजारी पुरवतो.

आता हवेबद्दल. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी लक्षणे दिसण्याआधी तो काय सांगणार? तिथे हवाच कामी येते. जानेवारी 2020 मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतात भाविकांच्या दोन बस एका बौद्ध मंदिरातल्या कार्यक्रमाला निघाल्या. जाऊन-येऊन प्रवास शंभर मिनिटांचा. एका बसमध्ये साठ जण होते, दुसरीत अडुसष्ट, आणि दुसरीत लागण झालेली एक बाई होती. प्रवासात तिला लक्षणे नव्हती. एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होता. तिच्या बसमधल्या, तिला धरून, चोवीस जणांना करोना झाला. पहिल्या बसमधल्या एकालाही नाही, आणि देवळात तर दोन्ही गट एकत्रच होते, फक्त तो कार्यक्रम उघड्यावर होता. तिच्यापासून लांबच्या रांगांत बसलेल्यांनाही लागण झाली, मात्र उघडता येणाऱ्या खिडक्यांपाशी बसलेले बहुतेक जण बचावले. हा अभ्यास माझ्या मते प्रत्येक सहल आयोजकाने वाचावा. यात्रा, बस, भाविक, देऊळ, सगळे आपल्यासारखेच आहे.

दुसरे उदाहरण जुने आहे. 1977 मध्ये अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवर अडकले. आत 54 जण होते आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. एक प्रवासी फ्लूने आजारी होता. पुढच्या 72 तासांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले, आणि जे जास्त वेळ आत बसून राहिले त्यांच्यात प्रमाण जास्त होते. उडणाऱ्या विमानातली हवा बारीक गाळणीतून जाते आणि तासाला वीस-तीस वेळा बदलते, त्यामुळे लोक विमानाला जेवढे घाबरतात तेवढा धोका तिथे नसतो. धोका थांबलेल्या हवेचा आहे, आणि सहलीत ती विमानापेक्षा बसमध्येच जास्त सापडते.

बंद खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्या वेळाने वास सगळ्या खोलीभर होतो, तसे आजारी माणसाच्या श्वासातले सूक्ष्म थेंब बसभर पसरतात. हात धुऊन ते अडत नाहीत. एसी बसमध्ये बहुधा बाहेरची हवा आत घेण्याची एक झडप असते. बस लवकर गार व्हावी, डिझेल वाचावे म्हणून ड्रायव्हर ती बंद ठेवतात. बस ठरवतानाच मालकाला विचारा की ती झडप चालते का, आणि ड्रायव्हरला सांगा की ती उघडीच ठेवायची. छतावरची हवेची खिडकी उघडत असेल तर उघडा. दर दोन तासांनी चहाला थांबताच, तेव्हा सगळ्यांना खाली उतरवा आणि दारे दहा मिनिटे सताड उघडी ठेवा. झोपलेल्यांनाही उठवा, कुरकुर करतील तर करोत. आणि एक छोटे यंत्र घ्या, काही हजार रुपयांत मिळते, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो. आकडा हजाराच्या आसपास राहिला तर हवा बरी बदलते आहे असे समजा. भरलेल्या बंद बसमध्ये तो दोन-तीन हजारांवर सहज जातो. ड्रायव्हरशी वाद घालण्यापेक्षा तो आकडा त्याला दाखवणे सोपे पडते.

अंताक्षरीविषयी लिहिताना हात जड होतो. मराठी सहलीचा जीव तिच्यात आहे, घाट चढताना अख्खी बस गाते तेव्हा अनोळखी माणसे एकमेकांची होतात. पण बंद जागेत मोठ्याने गाणे हा श्वासातून रोग पसरवण्याचा फार परिणामकारक मार्ग आहे. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट परगण्यात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण आले होते, एकाला लक्षणे होती. खात्रीशीर आणि संभाव्य मिळून आणखी 52 जण आजारी पडले आणि दोघे दगावले. म्हणून माझे म्हणणे एवढेच: कुणी खोकत असेल त्या दिवशी अंताक्षरी बसमध्ये नको. संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर, गच्चीवर, शेकोटीभोवती करा. तिथे ती रंगतेही जास्त.

मास्कबद्दल थोडक्यात. सगळ्यांना सक्ती करू नका, कुणी पाळणार नाही. पण टूर मॅनेजरच्या बॅगेत एन-95 मास्कचा एक खोका असू द्या. जो खोकतो आहे त्याला, त्याच्या शेजाऱ्याला आणि दम्याच्या किंवा केमो चालू असलेल्या प्रवाशाला तो न मागता, सहजपणे मिळावा.

उंचावर जाणाऱ्या सहलींविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे साधा खोकला जिवावर बेतू शकतो. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, केदारनाथही जवळपास तेवढ्याच उंचीवर. तिथे प्राणवायू मुळात कमी. श्वसनमार्गाचा संसर्ग घेऊन माणूस चढला तर उंचीमुळे फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो, आणि त्याची सुरुवातही खोकला, थकवा, धाप अशीच असते. गटातल्या सगळ्यांना सर्दी-खोकला झालेला असला की कुणाचा खोकला साधा आणि कुणाचा प्राणघातक हे ओळखू येत नाही. ‘सगळ्यांनाच झालाय, यांनाही झालाय’ म्हणून रात्र काढली जाते. लेहला नेणाऱ्या प्रत्येक टूर मॅनेजरकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हवा, आणि त्याने रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा. एकच माणूस इतरांपेक्षा बराच खाली दिसला, बसल्या जागी धाप लागत असेल, आडवे होता येत नसेल, तर प्राणवायू लावायचा, रुग्णालयात न्यायचे आणि खाली उतरवायचे. त्या वेळी कार्यक्रमपत्रिकेत पँगाँग आहे की नुब्रा याचा विचार करायचा नसतो. आणि निघतानाच ताप असलेल्या माणसाला लेहच्या विमानात बसवायचेच नाही. तारीख बदलून देण्याचे कलम इतर कुठे घातले नाही तरी या सहलींसाठी उद्यापासून घाला.

लशीचा विषय तुमच्या बुकिंगच्या फॉर्मपासून सुरू होतो. जैन जेवण हवे का, मधुमेह आहे का, खालचा बर्थ हवा का, हे त्यात विचारलेले असते. ‘या वर्षी फ्लूची लस घेतली आहे का’ अशी एक ओळ त्यात घाला. नुसत्या प्रश्नानेही बरेच जण आपल्या डॉक्टरला विचारतील. लस घेतल्यापासून संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे निघण्याआधी निदान पंधरवडा हाताशी हवा. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असे नाही, पण आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते, आणि पासष्टीच्या पुढच्यांना त्याचेच मोल जास्त. त्यांनी न्यूमोकॉकसच्या लशीबद्दलही डॉक्टरला विचारावे. ज्येष्ठांसाठी खास सहली काढणाऱ्यांनी एखाद्या रविवारी ऑफिसातच डॉक्टर बोलावून माहिती द्यावी.

हे जमण्यासारखे नाही असे कुणी म्हणेल, त्याने हज यात्रेकडे पाहावे. 2000 साली हजहून परतलेल्या यात्रेकरूंमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये अनेक देशांत मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिन्गोकॉकस जंतूच्या एका प्रकाराची साथ उद्भवली. तो जंतूही श्वासातून, थुंकीच्या थेंबांतून पसरतो. त्यानंतर सौदी अरेबियाने चार प्रकारांपासून वाचवणारी लस बंधनकारक केली, किमान दहा दिवस आधी घेतलेली. आज भारतातून जाणारा प्रत्येक हाजी ती घेऊन जातो. त्यासाठी शिबिरे लागतात, कार्डे तयार होतात. म्हातारी, फारशी शिकलेली नसलेली, आयुष्यात प्रथमच देशाबाहेर जाणारी माणसेही ते सगळे बिनतक्रार करतात. कारण त्यांना वेळेवर, स्पष्ट सांगितलेले असते आणि नियम सर्वांना सारखा असतो.

शेवटी, सहल संपल्यानंतरचे दिवस. प्रत्येक सहलीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि परतल्यावर आठवडाभर त्यावर फोटो येत राहतात. त्यातच कुणीतरी लिहिते, ‘आल्यापासून ताप आहे.’ मग खाली दोघे-तिघे लिहितात, ‘मलाही.’ ही माहिती तिथेच विरून जाते. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तुमच्या ऑफिसातून त्या ग्रुपवर एक साधा निरोप जाऊ द्या: कुणाला ताप, खोकला आहे का, असल्यास डॉक्टरला प्रवासाचे सांगा, घरातल्या लहानांपासून आणि म्हाताऱ्यांपासून थोडे दूर राहा. उत्तरांची नोंद ठेवा. एकाच सहलीतले बरेच जण आजारी पडले असतील तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. चाळीस जणांची नावे, पत्ते, फोन नंबर तुमच्याजवळ एका कागदावर असतात. रेल्वेच्या सामान्य डब्यातून आजार पसरला तर अशी यादी कुणापाशीही नसते. आणि तोच टूर मॅनेजर पुढचा गट घेऊन निघाला असेल तर त्याचीही तब्येत विचारा.

दिवाळीच्या सहलींची माहितीपत्रके तुमच्याकडे पावसाळ्यातच छापायला जातात आणि अटी-शर्तींचे पान त्यांच्यातच असते. त्या आधी तुमच्या संघटनेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. एकट्या कंपनीने दर हजाराने वाढवला तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल ही भीती मी समजू शकते. म्हणूनच हे सगळ्यांनी मिळून ठरवावे. कलमाचा वैद्यकीय मजकूर, डॉक्टरच्या पत्राचा नमुना आणि टूर मॅनेजरांसाठी मराठीतले दोन पानी टिपण तयार करायला मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला तयार आहोत. बैठकीची तारीख कळवा, आम्ही येऊ.

आपली,
पुण्यातील एक फॅमिली डॉक्टर